पावशेर तूप आणि स्वप्नातला मेंदू

तुकाराम महाराजांना गुरूचा अनुग्रह स्वप्नात झाला, हे वारकऱ्यांच्या घरातलं लहान मूलही सांगेल. त्याच स्वप्नात पावशेर तूपही आहे. त्या तुपापाशी सहसा कुणी थांबत नाही.

महाराजांनी हे स्वप्न एका अभंगात नोंदवून ठेवलं आहे. स्नानाला जाताना वाटेत गुरू भेटले. त्यांनी मस्तकावर हात ठेवला. जेवायला पावशेर तूप मागितलं, आणि ते द्यायचं तुकोबा स्वप्नातच विसरून गेले. गुरूंनी राघवचैतन्य, केशवचैतन्य अशी आपली परंपरा सांगितली, स्वतःचं नाव बाबाजी असं सांगितलं आणि रामकृष्णहरी हा मंत्र दिला. दिवस होता माघ शुद्ध दशमी, गुरुवार. आपल्या हातून सेवा काहीच घडली नाही, काही अंतराय आला म्हणून तर गुरूंनी निघायची घाई केली नसेल ना, अशी हुरहुरही त्या अभंगात आहे.

मावळ तालुक्यात इंदोरीजवळ भंडारा डोंगर आहे. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूला उगम पावलेली इंद्रायणी मावळातून वाहत देहूकडे जाते, ती या डोंगरावरून दिसते. देहूहून निघून तुकोबा चिंतनाला इथे येऊन बसत. आजही माघ शुद्ध दशमीला डोंगरावर मोठा सोहळा होतो, गाथेचं पारायण होतं. एका माणसाला झोपेत दिसलेल्या प्रसंगाची तिथी साडेतीनशेहून अधिक वर्षांनी हजारो माणसं पाळतात, हे किती विलक्षण आहे!

मला त्या तुपाबद्दल बोलायचं आहे. हे स्वप्न कुणी रचून सांगितलं असतं, तर शिष्याने धावत जाऊन गुरूपुढे तूप ठेवलं असतं. रचलेल्या गोष्टीत असा विसर कुणी घालत नाही. खऱ्या स्वप्नात मात्र तो हमखास असतो. परीक्षेला निघालेलो असतो आणि पेन घ्यायचं राहून जातं. कुणाला काही द्यायचं असतं आणि मध्येच दुसऱ्याच गावी पोचलेलो असतो. हात डोक्यावर टेकल्याचा स्पर्श स्पष्ट, नावं स्पष्ट, मंत्र स्पष्ट, आणि आत्ताच मागितलेली साधी वस्तू मात्र मनातून निसटलेली. झोपेत मेंदू असाच का वागतो, हे उलगडायला विसावं शतक उजाडावं लागलं.

१९२४ साली दोन ठिकाणी दोन गोष्टी घडल्या. स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे यांनी, लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगाच्या क्रिया उपकरणांनी तपासायला सुरुवात केली. त्याआधी बडोद्याला त्यांनी उड्डियान आणि नौली करणाऱ्यांचे क्ष-किरण फोटो काढून पोटात नेमकं काय होतं ते पाहिलं होतं. ‘योगमीमांसा’ हे त्यांचं संशोधनपत्रही त्याच वर्षी निघालं. आणि त्याच वर्षी जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने माणसाच्या डोक्यावर विद्युतअग्रं लावून मेंदूतल्या विजेची पहिली रेघ कागदावर उमटवली. बर्गरची कहाणी स्वप्नाइतकीच अद्भुत आहे. तरुणपणी लष्करी सरावात तो घोड्यावरून पडला आणि थोडक्यात वाचला. त्याच दिवशी दूर गावी असलेल्या बहिणीला भावावर संकट आल्यासारखं वाटलं आणि वडिलांनी खुशाली विचारणारी तार केली. एका मनातलं दुसऱ्या मनापर्यंत कसं पोचलं, ते शोधायला हा माणूस निघाला. ते काही सापडलं नाही. सापडल्या त्या मेंदूच्या लहरी.

या लहरींमुळे झोप ही एकसारखी काळी पोकळी नाही, हे दिसलं. डोळे मिटून स्वस्थ बसलं की सेकंदाला आठ ते तेरा लहरी उठतात. गाढ झोपेत त्या मंदावतात, सेकंदाला चारहूनही कमी होतात, पण प्रत्येक लहर उंच असते. मग १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथनिएल क्लाइटमन यांनी जे प्रसिद्ध केलं, त्याने झोपेचं सगळं शास्त्र बदललं. ॲसेरिन्स्कीने आपल्या आठ वर्षांच्या मुलाला, आर्मंडला, प्रयोगशाळेत झोपवलं होतं. मध्यरात्री यंत्राच्या लेखण्या अशा नाचू लागल्या की मूल जागं झालं असावं असं बापाला वाटलं. आत जाऊन पाहिलं तर मूल गाढ झोपलेलं, फक्त मिटल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर इकडून तिकडे फिरत होती. अशा वेळी माणसांना उठवून विचारलं तर बहुतेक जण म्हणत, हो, स्वप्न पडत होतं. फिरत्या डोळ्यांच्या या झोपेला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘रेम’ म्हणतात.

रात्रभरात ती चारपाच वेळा येते, सुमारे दीड-दीड तासाने. पहिली खेप काही मिनिटांची असते. पुढच्या लांबत जातात आणि पहाटेची अर्ध्या तासाच्याही पुढे जाते. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपल्याकडे आज्या सांगत आल्या. ते खरं होतं की नाही हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही. पण पहाटेचं स्वप्न सर्वांत लांब आणि सर्वांत ठसठशीत असतं, आणि त्यातून थेट जागे झालो तर ते लक्षातही राहतं, एवढं ती नक्की सांगते. देवळात काकडआरती सुरू होते ती वेळ नेमकी हीच. पहाटे उठण्याचं व्रत पाळणाऱ्या संतपरंपरेत इतक्या स्वप्नांच्या नोंदी सापडतात, त्याचं एक कारण हे असावं असं मला वाटतं.

रेम झोपेत मेंदू विश्रांती घेत नाही. शरीराच्या वजनाच्या फक्त दोन टक्के असलेला हा अवयव शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा वापरतो, आणि रेम झोपेत त्याचा खर्च जागेपणाच्या बरोबरीला येतो. पण सगळे भाग सारखे जागे नसतात. १९९६ मध्ये बेल्जियममध्ये पियरे माके आणि १९९७ मध्ये अमेरिकेत ॲलन ब्राऊन यांच्या गटांनी झोपलेल्या माणसांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला, तेव्हा ही विभागणी डोळ्यांसमोर आली. भीती, ओढ, आनंद यांना धार देणारा अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग जोरात होता. दृश्यं घडवणारे मागचे भाग जोरात होते. मात्र कपाळामागे जरा बाजूला असलेला एक पट्टा मंदावला होता. आत्ताच ऐकलेली गोष्ट मनात धरून ठेवणं, पुढचं पाऊल ठरवणं, ‘हे असं कसं?’ असं विचारणं ही कामं तो पट्टा करतो.

तुकोबांचं कीर्तन रंगलं की संताजी जगनाडे अभंग लिहून घेत. मावळातल्या सुदुंबऱ्याला त्यांची समाधी आहे. स्वप्नातला मेंदू म्हणजे असं कीर्तन, ज्यात टाळ-मृदंग टिपेला पोचलेत, देव पुढे उभा आहे, आणि फक्त वही घेऊन बसणारे संताजी आलेले नाहीत.

याला एक रासायनिक बाजूही आहे. मेंदूच्या खोडात, मानेच्या वर, ‘लोकस सेरुलियस’ नावाचा इवलासा निळसर ठिपका असतो. एरवी तो मेंदूभर नॉरॲड्रेनॅलिन शिंपत असतो. त्याने लक्ष ताजं राहतं आणि आठवणी पक्क्या होतात. रेम झोपेत हा ठिपका जवळजवळ पूर्ण गप्प होतो. सेरोटोनिनही तळाला जातं. उलट ॲसिटिलकोलीन हे दुसरं रसायन जागेपणाएवढं किंवा त्याहूनही वर चढतं. म्हणजे प्रतिमा उसळत राहतात, त्यांना बांधून ठेवणारं काही नसतं. दारात उभा असलेला पाहुणा पुढच्या क्षणी शाळेतला मित्र झालेला असतो आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

इथे विसरण्याचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. एक, स्वप्नाच्या आतलं विसरणं: मागितलेलं तूप डोक्यात न राहणं. त्याचं कारण तो मंदावलेला कपाळामागचा पट्टा. दुसरं, जागं झाल्यावर अख्खं स्वप्न विसरणं. त्याची कारणं आणखी खोल आहेत. जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना २०१९ मध्ये उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये अशा पेशी सापडल्या, ज्या रेम झोपेत चेततात आणि आठवण साठवण्याच्या कामात अडथळा आणतात. त्या बंद केल्या की उंदरांची स्मरणशक्ती सुधारली. मेंदू स्वप्नं मुद्दाम पुसत असावा, अशी शक्यता त्यातून पुढे येते. त्यात शहाणपणही आहे. न घडलेल्या प्रसंगांच्या आठवणी घडलेल्या प्रसंगांइतक्या पक्क्या झाल्या, तर रोजचा व्यवहारच अवघड होईल.

तुकोबा तूप विसरले, स्वप्न विसरले नाहीत. फ्रान्समधल्या ल्योनच्या संशोधकांनी स्वप्नं वारंवार आठवणाऱ्या आणि क्वचित आठवणाऱ्या माणसांची तुलना केली. आठवणाऱ्यांच्या झोपेत मध्ये मध्ये जागेपणाचे तुकडे दुपटीच्या आसपास निघाले. स्वप्न टिकायला त्याच्या लगेच पुढे थोडं जागेपण लागतं. मेंदूला तेवढा वेळ मिळाला की तो स्वप्न टिपून घेतो. आणि गुरूंनी घाई का केली हा प्रश्न पाहा. तो कधी उठला हे अभंग सांगत नाही, पण स्वप्नातला मेंदू सहसा असा प्रश्न विचारत नाही. माझ्या मते तो जागेपणीचा आहे. एकाच अभंगात झोपेतला मेंदू आणि जागा मेंदू असे दोघं बोलताहेत, आणि दोघांचे आवाज वेगळे ऐकू येतात. साडेतीन शतकांहूनही आधीच्या माणसाने स्वतःच्या मनाकडे इतक्या प्रामाणिकपणे पाहिलं, याचं मला देवभक्तीइतकंच कौतुक वाटतं.

आता त्या स्वप्नाचा एकेक तुकडा मेंदूच्या नकाशावर ठेवून पाहू. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जुलिओ टोनोनी आणि फ्रान्चेस्का सिक्लारी यांच्या गटाने झोपलेल्यांच्या डोक्यावर २५६ विद्युतअग्रं लावली. रात्रीतून पुन्हा पुन्हा उठवून त्यांनी एकच विचारलं: आत्ता मनात काय होतं? स्वप्न पडत असेल तेव्हा मेंदूच्या मागच्या बाजूला एक पट्टा मंद लहरी सोडून सजग झालेला दिसला, मग झोप रेम असो वा दुसरी. हो, स्वप्नं दुसऱ्या झोपेतही पडतात, फक्त ती रेममधल्याइतकी रंगतदार नसतात. यंत्रावर त्या पट्ट्याकडे पाहून, माणसाला उठवण्याआधीच, त्याला स्वप्न पडतंय की नाही हे दहातून आठनऊ वेळा बरोबर सांगता येऊ लागलं.

त्यापुढचं ऐकून मी थक्क झालो. स्वप्नात चेहरा दिसला असेल तर जागेपणी चेहरे ओळखणारीच जागा चेतलेली असे. कुणी बोललं असेल तर भाषा समजून घेणारी डावीकडची जागा. हालचाल किंवा ठिकाण ठळक असेल तर त्यांच्या त्यांच्या ठरलेल्या जागा. म्हणजे ‘बाबाजी’ हे नाव स्वप्नात ऐकताना मेंदू ते जवळपास तसाच ऐकतो, जसा गुरू खरोखर समोर बसून सांगत असते तर ऐकला असता. नदीची वाट तो त्याच पेशींनी चालतो. स्वप्नाला स्वतःची वेगळी यंत्रणा नाही. जागेपणी जग ज्या पेशींनी घडवलं जातं, त्याच पेशी रात्री जगाविना जग घडवतात. मार्क सोल्म्स या दक्षिण आफ्रिकी संशोधकाने १९९७ मध्ये दाखवलं होतं की या मागच्या भागात इजा झालेल्या अनेक रुग्णांची स्वप्नंच थांबली होती.

मस्तकावरच्या हाताबद्दलही सांगायला हवं. जवळपास सगळ्याच स्वप्नांत काहीतरी दिसतं, निम्म्याहून अधिक स्वप्नांत काहीतरी ऐकू येतं. स्पर्श, वास आणि चव मात्र क्वचित. जो स्पर्श उठल्यावरही आठवतो, तो स्वप्नातही भरून आलेला असणार.

एवढं सगळं चालू असताना आपण अंथरुणातून उठून इंद्रायणीकडे चालू लागत नाही, हेही एक आश्चर्यच. फ्रान्समध्ये मिशेल जुव्हे यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीला शोधलं की रेम झोपेत मेंदूचं खोड स्नायूंकडे जाणारी आज्ञा पाठीच्या कण्यातच अडवतं. मांजरांच्या मेंदूतली ती कळ त्यांनी निकामी केली तेव्हा झोपलेली मांजरं उठून न दिसणाऱ्या शिकारीवर झडप घालू लागली. कधी कधी जाग आली तरी ही कुलपं काही क्षण उघडत नाहीत. डोळे उघडे, खोली ओळखीची, अंग हलत नाही, छातीवर कुणीतरी बसलंय. आपल्या खेड्यांत अशा वेळी मुंजाचं नाव निघतं. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, ते थोड्याच वेळात सुटतं. उलट उतारवयात माणूस झोपेत खरोखरच हातपाय मारू लागला, स्वप्नातल्या भांडणात शेजारी झोपलेल्याला लागू लागलं, तर मात्र मेंदूच्या डॉक्टरांकडे जावं. अशा काही जणांना पुढे कंपवात होतो, आणि झोपेतली ही खूण त्याच्या कित्येक वर्षं आधी दिसते.

तुकोबांच्याच हयातीत मराठीतलं आणखी एक मोठं स्वप्न पडलं, कोल्हापुरात. वेरूळच्या परिसरातल्या देवगावची बहिणाबाई, १६२८ चा जन्म, म्हणजे तेव्हा विशीच्याही आतली. नवऱ्यासह फिरत कोल्हापूरला आलेली. जयरामस्वामींच्या कीर्तनात तिने तुकोबांचे अभंग ऐकले आणि तिला त्यांचाच ध्यास लागला. जीव लावलेलं वासरू गेलं. घरात नवऱ्याचा मार. आणि शके १५६९, कार्तिक वद्य पंचमी, रविवारी तुकोबा स्वप्नात आले. त्यांनी मस्तकावर हात ठेवला आणि मंत्र दिला. तिनेही तिथी आणि वार नोंदवला.

बहिणाबाईने तोवर तुकोबांना पाहिलं नव्हतं. देहू दोनशेहून अधिक किलोमीटर दूर. मग स्वप्नात आलेला माणूस तुकोबाच, हे तिला कसं कळलं? स्वप्नांच्या अभ्यासकांना ही गोष्ट फार परिचयाची आहे. स्वप्नातली माणसं आपण अनेकदा चेहऱ्यावरून ओळखत नाही, ती कोण आहेत हे आपल्याला नुसतं ठाऊक असतं. चेहरा अनोळखी, तरी ‘ही माझी मावशी’ याबद्दल शंका नसते. चेहरा घडवणारे पेशींचे समूह आणि ओळखीची खात्री देणारे समूह मेंदूत वेगळे आहेत. जागेपणी ते हातात हात घालून चालतात, स्वप्नात त्यांची गाठ सैल होते. बहिणाबाईकडे तुकोबांचा चेहरा नव्हता, आवाज नव्हता, पण शब्द होते आणि विलक्षण ओढ होती. मेंदूला तेवढ्यावर एक संपूर्ण माणूस उभा करता आला.

मनी वसे ते स्वप्नी दिसे, असं आपण म्हणतो. अभ्यासही साधारण तेच सांगतो, थोड्या फरकाने: दिवसा ज्यात वेळ गेला त्यापेक्षा ज्यात जीव गुंतला ते स्वप्नात अधिक येतं. शिकागोच्या रोझलिंड कार्टराइट यांनी घटस्फोटाच्या दुःखातून जाणाऱ्या माणसांची स्वप्नं गोळा केली. सुटलेला जोडीदार ज्यांच्या स्वप्नात भावनेसकट आला, ती माणसं पुढे नैराश्यातून अधिक सावरली. नॉरॲड्रेनॅलिन थांबलेल्या त्या तासांमध्ये दुखरी आठवण पुन्हा हाताळायला मेंदूला सुरक्षित जागा मिळते, असा एक तर्क आहे. तो सगळ्यांना मान्य नाही, पण मला तो पटतो. १६३०-३२ च्या दुष्काळात तुकोबांचं दुकान बुडालं, पहिली पत्नी गेली, मुलगा गेला. भंडाऱ्यावर येऊन बसणाऱ्या माणसाच्या मनात काय काय होतं, ते आपण फक्त कल्पू शकतो. त्या मनाने रात्री डोक्यावर हात ठेवणारं माणूस घडवलं, किंवा भाविक म्हणतील तसं, ते खरोखर आलं. मेंदूच्या नकाशावर दोन्ही एकाच जागी उमटतील.

तुकोबांचं आणखी एक स्वप्न आहे. नामदेव पांडुरंगाला घेऊन आले, कवित्व करायला सांगितलं, शतकोटींच्या संकल्पातले उरलेले अभंग पुरे करायला सांगितलं. त्यात विठ्ठल थापटून सावध करतो. झोपेच्या आत कुणीतरी जागं करतं, हे वाचताना मला १२ एप्रिल १९७५ ची इंग्लंडमधल्या हल विद्यापीठातली सकाळ आठवते. ॲलन वर्सली नावाचा माणूस तिथे झोपला होता. त्याला स्वप्नात असताना ‘हे स्वप्न आहे’ हे कळत असे. संशोधक कीथ हर्न यांच्याशी त्याचं ठरलं होतं की तसं कळलं की डोळे डावी-उजवीकडे आठ वेळा हलवायचे. रेम झोपेत अख्खं शरीर कुलूपबंद असतं, फक्त डोळे आणि श्वास मोकळे असतात. त्याच फटीतून कागदावर त्या आठ खुणा उतरल्या. स्वप्नातल्या माणसाने बाहेरच्या जगाला पाठवलेला तो पहिला ठरवून दिलेला निरोप. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच सिद्ध केलं. २०१२ मध्ये जर्मनीत अशा एका माणसाचा मेंदू स्वप्नात सावध होताना यंत्रात पाहता आला. एरवी मंदावणारा कपाळामागचा पट्टा त्या वेळी पुन्हा चेतला होता.

२०२१ मध्ये तर संभाषण झालं. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स इथल्या चार प्रयोगशाळांनी ३६ जणांवर काम केलं. रेम झोपेत असलेल्या एका तरुणाला बाहेरून विचारलं, आठातून सहा गेले किती? त्याने मिटल्या डोळ्यांची बुबुळं दोनदा फिरवली. बहुतेक वेळा उत्तर आलंच नाही, काही वेळा चुकीचं आलं. पण जेव्हा आलं, तेव्हा काहींनी उठल्यावर सांगितलं की तो प्रश्न स्वप्नात आकाशवाणीसारखा वरून आला, कुणाला गाडीतल्या रेडिओवर ऐकू आला. बाहेरचा शब्द स्वप्नाच्या कपड्यांत आत जातो.

लोणावळ्यातल्या संशोधकांचा हा प्रांत अगदीच परका नाही. कैवल्यधामच्या करंबेळकर, विनेकर आणि भोळे यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध हवाबंद खड्ड्यात बसवलेल्या माणसांवरचा होता. जमिनीत पुरून घेणाऱ्या योग्यांबद्दल ज्या गोष्टी लोक श्रद्धेने किंवा संशयाने सांगत, त्या त्यांनी मापून पाहिल्या. आज हीच वृत्ती झोपेच्या बाबतीत सगळ्यात अवघड प्रश्नाला भिडली आहे: गाढ झोपेत काही अनुभव असतो का? पतंजलींनी स्वप्नातलं आणि झोपेतलं ज्ञान ध्यानाचा आधार होऊ शकतं असं म्हटलं. निद्रेला त्यांनी चित्ताची एक वृत्तीच मानलं, म्हणजे गाढ झोपेतही चित्ताला कसला तरी अनुभव असतो. मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि चौथी तुरीय अशी मांडणी आहे. सकाळी उठून आपण म्हणतो, छान झोप लागली, काही कळलंच नाही. काही कळलं नाही, तर छान लागली हे कुणाला कळलं, असा वाद आपल्याकडे शतकानुशतकं चालला. इव्हान थॉम्प्सन यांच्यासारखे तत्त्वज्ञ आता तोच प्रश्न प्रयोगशाळेत घेऊन आले आहेत.

विस्कॉन्सिनच्या त्या अभ्यासात झोपेतून उठवलेल्यांना तीन उत्तरं द्यायची मुभा होती. काही म्हणाले, हे असं असं स्वप्न होतं. काही म्हणाले, काहीच नव्हतं. आणि पुष्कळांनी तिसरं उत्तर दिलं: काहीतरी होतं, नक्की होतं, पण काय ते सांगता येत नाही. अशांच्या मेंदूतही मागचा पट्टा स्वप्न पाहणाऱ्यांसारखाच सजग दिसला. अनुभव येऊन गेला होता, त्याचा आशय मात्र उरला नव्हता. मग ‘काहीच नव्हतं’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना खरोखर काहीच अनुभव आला नाही, आणि किती जणांना तो आला पण उरला नाही? ते ओळखता येईल असं मोजमाप अजून कुणाला सापडलेलं नाही.